चोवीस पासिंगची उंच गाडी

आमच्या घरात गाडी आली ती आईच्या गुडघ्यांमुळं आणि मामाच्या डोळ्यांमुळं. हौसेसाठी नाही. आमची हौस आजवर स्कूटीवरच भागत होती आणि स्कूटीवर माझ्या मागं बसायला आईनं कधीचाच नकार दिला होता. "हिच्या मागं बसण्यापरीस मी घरी बसते," असं ती शेजारणींना सांगायची. मी गाडी जोरात चालवते असं तिचं म्हणणं. मी सगळंच जोरात करते, त्याला काय इलाज.

मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. नवरा किनवटकडं वसतिगृहात अधीक्षक आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. आईआबांना मी एकटीच, त्यामुळं आबांनी बैल विकले, रान बटईनं दिलं आणि दोघं माझ्याकडं आले. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, असं आबा दर महिन्याला म्हणतात. म्हणता म्हणता चार वर्षं झाली. आता तर गल्लीतल्या भाजीवाल्याशी ते माझ्यापेक्षा जास्त हक्कानं भांडतात.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. एकुलता एक. चाकूरपासून आत एका खेड्यात असतो, ऐंशीला टेकलाय. दर भाऊबीजेला तो एसटीनं नांदेडला यायचा, पिशवीत शेंगा आणि आईसाठी एक पातळ घेऊन. मग त्याला एसटीची पाटी वाचता येईना. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली जपा, म्हणाले. इकडं आईचे गुडघे. एकाचं ऑपरेशन झालं आणि ते झाल्यावर तिनं दुसऱ्याचं करायचं नाही असं ठणकावून सांगितलं. एसटीची पायरी तिला चढवत नाही. मागच्या खेपेला भाड्याची छोटी गाडी करून नेलं होतं, तर तो ड्रायव्हर दारात उभा राहून दर पाच मिनिटाला घड्याळ बघायचा. आईच्या घशाखाली घास उतरला नाही. "पुन्यांदा भाड्याच्या गाडीत भावाकडं जायची न्हाई," असं तिनं तिथंच जाहीर केलं.

गणपती उठले आणि मामाचा फोन आला. "बाई, अजून सावली दिसती मला. माणूस जवळ आलं का वळखू येतं. दिवाळीला आलीस तर तुजं तोंड एकदा बघून घेतो." एवढंच म्हणाला. आईनं फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी मी जेवत असताना माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "तुमच्या त्या गाडीचं काय झालं?"

कुठली गाडी? कसली गाडी? आम्ही कधी गाडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण आई अशीच आहे. तिला काही मागायचं असलं की ते आपण आधीच कबूल केलंय असं धरून चालते. मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तीन लाखांपर्यंत ओढूनताणून जमेल, त्याच्यावर एक रुपया नाही. नवी यायची नाही, जुनी बघू. भाऊबीजेच्या आत मिळाली पाहिजे.

नांदेडला जुन्या गाड्या विकणाऱ्यांची रस्त्याच्या कडेनं रांगच आहे. शाळा सुटली की मी आबांना स्कूटीवर घेऊन त्या रांगेत हिंडायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळली. इथली प्रत्येक जुनी गाडी एका डॉक्टरची असते. "एकच मालक मॅडम, डॉक्टर होते, फक्त दवाखान्यात जायचे यायचे." नांदेडात डॉक्टर लई आहेत हे खरं, पण इतकेही नाहीत. एकाला मी विचारलं, बाबा, कंडक्टर, वकील, मास्तर यांच्या गाड्या कुठं जातात? तो म्हणाला, मॅडम, मास्तर गाडी विकतच नाहीत. ते मात्र खरं, आमचे मुख्याध्यापक अजून त्यांच्या लग्नातली गाडी ढकलत आहेत.

आबांची तऱ्हा वेगळीच. त्यांनी आयुष्यात बैल घेतले, गाडी कधी घेतली नाही. मग ते गाडी बैलासारखीच बघायचे. आधी लांब उभं राहून एकदा नजर टाकायची. मग भोवती फिरायचं. मग बोनेटवर थाप मारायची आणि चाकांपाशी वाकून म्हणायचं, "दात झिजलेत." एका लाल गाडीला त्यांनी दुरूनच हात जोडले. "ही मारकी हाय," म्हणाले. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, त्यांना रंग आवडला नाही. आता मारकी गाडी म्हणजे काय हे मी तरी कसं सांगू?

खरं सांगायचं तर आबांच्या या परीक्षेचा काडीचा उपयोग झाला नाही. त्यांना पसंत पडलेली एक रुबाबदार गाडी मी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली, तर त्यानं खालची मॅट उचलून वास घेतला आणि म्हणाला, "ही पुरात बुडालेली आहे, मॅडम." मॅटखाली अजून गोदावरीचा गाळ होता.  घरी आल्यावर आबा म्हणाले, "पर उंच हाय की न्हाई? गाडी उंचच पायजे. आपल्या गावाकडच्या रस्त्यानं ठेंगणी गाडी पोट घासून घेती." हे मात्र माझ्याही डोक्यात बसलं. नवऱ्याच्याही. आमच्याकडं पांढरी, उंच, सात माणसं बसतील अशी गाडी दारात असली की ती गाडी. बाकीच्या नुसत्या आपल्या चाकं लावलेल्या. माणसं आम्ही चार, पण "उद्या पाव्हणे आले तर?" हा आबांचा सवाल. त्याला कोण उत्तर देणार?

दसरा झाला तरी गाडी मिळेना. आई रोज संध्याकाळी दारात उभी असायची. आम्ही स्कूटीवरून उतरलो की काही विचारायची नाही, आत जाऊन चहा टाकायची. तिनं विचारलं असतं तर मी चिडले असते, पण ती विचारत नव्हती याचाच जास्त त्रास व्हायचा.

मग शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, लातूरला त्यांच्या माहेरच्या गल्लीत एक चाचा गाडी विकताहेत. पांढरी, उंच, सात सीटची. शनिवारी मी, नवरा आणि आबा एसटीनं लातूरला गेलो. आईला न्यायचा प्रश्नच नव्हता. एसटी चढता येत नाही म्हणून तर गाडी बघायला निघालो होतो.

चाचांचं गाद्यांचं आणि सीट कव्हरचं जुनं दुकान. त्यांच्या वडिलांच्या आधीपासून ते लोक लातूरात आहेत. पोरानं नवी गाडी घेतली, दारात दोन लावायला जागा नाही, म्हणून ही विकायची होती. गाडी बघून माझा जीव भांड्यात पडला. चोवीस पासिंग, म्हणजे लातूरचीच. स्वच्छ. मेकॅनिकला फोनवरून इंजिनाचा आवाज ऐकवला, फोटो पाठवले. तो म्हणाला, घ्या. आणि सीटा तर काय विचारता, चाचांनी स्वतः बनवलेल्या. बसलं की माणूस आत बुडावं. नवरा मागच्या सीटवर बसला तो उतरायलाच तयार नव्हता.

चाचींनी चहा आणला. चाचा म्हणाले, "साडेतीन." मी म्हटलं, अडीच. घासाघीस करायची तर माझ्यासारखी माझीच. नांदेडच्या कापड बाजारात मला लांबून येताना बघून दुकानदार दुसरीकडं तोंड करतात. पण चाचा पक्के व्यापारी. मी अर्धा तास घसा फोडला आणि ते हसत हसत बिस्किटाची बशी माझ्यापुढं सरकवत राहिले. तीन तीसच्या खाली उतरेनात. मी उठायचं नाटक करणार, तेवढ्यात आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात चाचांपुढं धरला.

बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. आबा हाळीच्या बैलबाजारात हेच करत आले. पण समोरचा माणूस गाद्या शिवणारा, त्याला हे कुठून ठाऊक असणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांनी टॉवेलाकडं बघितलं, आबांकडं बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली, बाही वर केली आणि हात आत घातला. "अब्बा के साथ जाता था बाजार को," म्हणाले, "बहोत साल हुए, पाहुणे."

मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. दोघंही छताकडं बघत होते. टॉवेल हलत होता. आबा मान हलवायचे, चाचा "तौबा" म्हणायचे. चाचा हात काढून घ्यायला निघायचे, आबा धरून ठेवायचे. मधेच दोघं खो खो हसले. मी आबांच्या कानाशी लागून कुजबुजले, तीनच्या वर एक रुपया नाही बरं का. आबा म्हणाले, "गप ऱ्हा. हात बोलून ऱ्हायलेत." गणित शिकवणारी मी, आणि माझ्याच पैशाचा आकडा त्या टॉवेलाखाली चाललेला, मला दिसत नव्हता. शेवटी दोघांनी हात बाहेर काढले. "झालं," आबा म्हणाले. "हो गया," चाचा म्हणाले. कितीला? कोणी सांगेना. मी दात ओठ खात आबांना दुकानाच्या पायऱ्यांवर नेलं, तेव्हा कुठं त्यांनी आकडा सांगितला. दोन पंच्याऐंशी. मी तिथंच पायरीवर बसले. विमा आणि नाव बदलायचा खर्च धरूनसुद्धा बसत होतं.

आता ऐका, चूक कुठं झाली ते. चाचा मोठ्या मनाचे. म्हणाले, "पैसे राहू द्या. आधी गाडी नांदेडला घेऊन जा, घरच्यांना बसवून बघा. पसंत पडली तर ठेवा, नाही तर परत आणा." एवढं कोण म्हणतं? मी आईला व्हिडिओ कॉल लावला. गाडी दाखवली. तिनं रंग बघितला, मागं खिडकी आहे का विचारलं. मी म्हटलं, आई, गाडी घेऊन येऊ का, तू आधी एकदा बसून बघतेस का? आई जवळजवळ रागावलीच. "लोकाच्या गाडीत बसून बघायचं आन् मग नको म्हनून माघारी धाडायची? बरं दिसतं का ते? त्यांनी आपल्यावर इस्वास टाकला. घ्यायची तर घेऊन टाका. आन् पूजा झाल्याबिगर मी पाय ठिवनार न्हाई."

आबा म्हणाले, बरोबर हाय तिचं. नवरा म्हणाला, बरोबर आहे. मला तर आईचा अभिमान वाटला. चाचींनी पण मान डोलावली आणि मागच्या सीटवर आईसाठी डबा ठेवला. इंजिन बघितलं, टायर बघितले, कागद बघितले, सीट दाबून बघितल्या. ज्या बाईसाठी गाडी घ्यायची तिचा पाय तिथपर्यंत पोचतो का, हे कोणी बघितलं नाही. आणि बघायला निघालो तर तिनंच बघू दिलं नाही.

रविवारी पूजा केली. सगळी गल्ली जमली. हार, हळदकुंकू, बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. आईनं लातूरहून आलेल्या गाडीला ओवाळलं. शेजारणी म्हणाल्या, आता आधी तुम्ही बसा, काकू, मान तुमचा. नवऱ्यानं मागचं दार उघडलं. आईनं नव्या साडीचा घोळ सावरला, हँडल धरलं आणि पाय उचलला.

पाय अर्ध्यातच थांबला. तिनं खाली ठेवला, दुसरा उचलला. तो तर तेवढाही वर जाईना. आबांनी हात दिला, मी मागून धरलं. गाडीचा तळ तिच्या मांडीला लागत होता.  आईनं हँडल सोडलं आणि हसून म्हणाली, "उनाचं कुठं बसू आता. उद्या बसते. पेढे वाटा आधी." ती आत गेली. आम्ही पेढे वाटले. आबांनी पेढ्याचा खोका हातात घेतला आणि लोकांकडं न बघता वाटत सुटले, एकाच माणसाला तीनदा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला अंगणात खडखड ऐकू आली. बघते तर आई. बादली पालथी घालून तिच्यावर एक पाय ठेवलेला, दोन्ही हातांनी गाडीचं हँडल धरलेलं. कोणी उठायच्या आत तिला चढून बघायचं होतं. मी ओरडले. दुसराही पाय मोडून घ्यायचाय का, म्हटलं. आई खाली उतरली. बादली सरळ करून नळाखाली ठेवली आणि म्हणाली, "इकून टाका ती गाडी. दादाला सांगा, माजं काय जमत न्हाई आता." मी चिडले होते ते तिच्यावर नव्हते. पण बोलून गेले ते गेलेच. त्या दिवशी मी शाळेत सगळ्या वर्गांवर राग काढला. भागाकार चुकलेल्या पोरांचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

फॅब्रिकेशनवाल्याकडून गाडीला खाली एक लोखंडी पायरी लावून घेतली. हजार ऐवजी दीड हजार घेतले मेल्यानं. आई पायरीवर चढली, पण पायरीवरून आत जायला परत तेवढाच गुडघा वाकवायला लागत होता. तो वाकला नाही. ती तशीच लोंबकळत राहिली आणि आम्ही तिला अलगद खाली घेतलं. भाऊबीजेला आता चारच दिवस होते. चाचांना गाडी परत घ्या म्हटलं असतं तर त्यांनी घेतलीही असती, पण आईनं ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

त्या संध्याकाळी आबा माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आले. आई देवाजवळ होती. आबांनी तिकडं एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "बैल टेम्पोत कसा चढिवतेत, ठावं हाय का?"

"आबा," मी म्हटलं, "हे आईसमोर बोलू नका. जीव घेईल ती तुमचा."

"म्हनून तर तुला सांगून ऱ्हायलो. बैल खालनं चढत न्हाई. धक्क्याला टेम्पो लावतेत. मातीचा उंचवटा असतो बाजारात. बैल आधी धक्क्यावर जातो, मग सरळ चालत आत. गुडघा वाकवायचं कामच न्हाई."

आमच्या समोरचं घर नवं बांधलेलं. गल्लीत पुराचं पाणी शिरतं म्हणून त्यांनी जोतं चांगलं उंच घेतलंय आणि पुढं ओटा काढलाय. ओट्याला बाजूनं उतार आहे, त्यांच्या मोटारसायकलीसाठी. मी खिडकीतून ओट्याकडं बघितलं. आबा माझ्याकडं बघत होते. मी ओढणी घेतली आणि त्या लोकांना विचारायला गेले.

गाडी मीच लावली. मागचं दार उघडं ठेवून ओट्याच्या अगदी टोकाला, दार ओट्याच्या पुढं राहील अशी. आबा मागं उभं राहून "येऊ दे, येऊ दे, बास" करत होते. दोनदा घासली. चोवीस पासिंगच्या गाडीला सव्वीसच्या, म्हणजे नांदेडच्या गल्लीतला पहिला ओरखडा पडला. मग आईला बोलावलं. तिला म्हटलं, समोरच्यांनी चहाला बोलावलंय. ती उतारावरून हळूहळू ओट्यावर गेली, आणि तिच्यासमोर गाडीचं दार उघडं होतं, सीट तिच्या मांडीइतक्या उंचीवर.  तिनं हँडल धरलं, एक पाय आत टाकला, बूड टेकलं आणि दुसरा पाय हातानं उचलून आत घेतला. बसली. चाचांच्या सीटवर दोनदा वर खाली झाली. म्हणाली, "मऊ हाय." मग आबांकडं बघून म्हणाली, "ही अक्कल कुनाची? धक्क्याला लावलंय व्हय मला?" आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी कपाळावर हात मारला. आई हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ओट्यावरचे शेजारीही हसले, त्यांना काय झालं ते न कळताच.

भाऊबीजेला सकाळी निघालो. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद. सोयाबीन निघालं होतं, तूर पिवळ्या फुलावर होती. आई सगळा रस्ताभर बोलत होती. कोणाचं रान, कोणाची विहीर, कोणाच्या लग्नाला ती बैलगाडीतून या रस्त्यानं गेली होती. मांडीवर ओवाळणीचं ताट फडक्यात बांधलेलं. अहमदपूरला आम्ही चहा प्यायला थांबलो, तर ती उतरली नाही, तिनं खिडकीतूनच चहा घेतला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मामा सकाळपासून अंगणात बाजेवर बसून होता. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. गाडीचा आवाज ऐकून उठला आणि भलत्याच बाजूला तोंड करून हसला. मामी बाहेर आली. मी दार उघडलं. आईनं खाली बघितलं. अंगण सपाट, ना ओटा ना उंचवटा.

"मी उतरत न्हाई," आई म्हणाली.

"अगं आई."

"उतरले तर चढू कशी? तुमी मला समद्यांदेखत पोत्यावानी उचलून घालणार. मी न्हाई उतरत."

मी समजावलं, मग चिडले. म्हटलं, नांदेडहून इथवर आलो आणि आता तू गाडीतून त्याला टाटा करून परत जाणार का? नवरा म्हणाला, खुर्ची लावू. आबा गावात कुठं धक्का सापडतो का बघायला निघालेसुद्धा. आई ताट घट्ट धरून बसून होती.  एवढं सगळं करून बहीणभाऊ दहा फुटांवर होते आणि भेट होत नव्हती.

"कुटं हाय ती?" मामानं विचारलं. मामीनं सांगितलं, गाडीतच. मामा काठी टेकत आला. गाडीवर हात ठेवला. हात सरकवत दार चाचपलं, पायरी चाचपली, वरचं हँडल सापडलं. काठी मामीकडं दिली. मामाचे डोळे गेले, पण पाय शाबूत आहेत. आयुष्यभर नांगरामागं चाललेला माणूस. त्यानं पायरीवर पाय ठेवला, हँडलला ओढ दिली आणि एका दमात आत जाऊन आईच्या शेजारी बसला. त्याच्या फेट्याला छत लागलं.

मी पुढच्या सीटवर वळून बसले. वातीला काडी लावून दिली. तोवर माघारी आलेले आबा बाहेरून ओरडले की गाडीत डिझेल हाय, पेटवता का काय. आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामाला कुंकू लावलं, तांदूळ लावले, गाडीच्या छताला ताट लागू नये म्हणून छोटं छोटं ओवाळलं. मामा त्या उजेडाकडं तोंड करून बसला होता. मग ताट बाजूला ठेवून आई त्याच्याकडं वळली, तोंड अगदी त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"दिसते का रं दादा?"

मामानं हात वर केला आणि तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं नेला. तो आधी तिच्या खांद्यावर पडला, मग गालावर गेला.

"दिसतीस की," तो म्हणाला. "लई बारीक झालीस गं, बाई."

माझी आई ऐंशी किलोची आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दर वेळी त्यावरूनच तिला बोल लावलेत. मी तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं आणि रडूही आलं होतं, आणि दोन्ही आवाज बाहेर जाऊ द्यायचे नव्हते.

आईनं त्याचा हात गालावर तसाच धरून ठेवला. "हाव दादा," ती म्हणाली. "झाले बारीक. तुज्या नजरंतनं काय सुटत न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू उतर खाली. आन् दार लाव."

मी उतरले आणि दार लावलं. सगळं कुटुंब बसावं म्हणून घेतलेल्या गाडीत दोघं बसले आणि आम्ही सगळे कडुनिंबाखाली उभे. आतून आईचा आवाज येत होता, मग मामाचं हसणं. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. दुपार झाली, मामीचा स्वयंपाक झाला. काच अर्धी खाली आली आणि आईचं तोंड दिसलं.

"दोन ताटं हिकडंच द्या."

मी ताटं घेऊन गेले. आईनं मामाचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेका वाटीवर नेऊन टेकवला. "ही भाजी. ही डाळ. हितं करंजी हाय, दादा. हितं."